एकशे त्र्याहत्तर दारं

येत्या शुक्रवारी दुपारी बारा वाजता पद्मजा आलासेला एकशे त्र्याहत्तर वेळा ‘हो’ म्हणायचं होतं. काम तेवढंच. फोन वाजणार, पलीकडून एक प्रोग्राम विचारणार, ‘काढू का?’ आणि तिनं म्हणायचं, ‘हो.’ पुन्हा फोन, पुन्हा ‘हो’. तिचा वरिष्ठ निरंजन दाबके यानं सोमवारी सकाळी पुण्याहून हे सांगितलं आणि वर विनोदही केला, “घसा खाकरून ठेव.”

ज्या कंपनीत हा विनोद झाला, ती कंपनी आवाज गेलेल्या माणसांना बोलतं करायची. पद्मजाला हसू आलं नाही.

घशाच्या कर्करोगात ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागतं, त्यांचा आवाज जातो, पण बोलण्याची सवय जात नाही. जीभ हलते, जबडा हलतो, मानेचे स्नायू इमानाने आपापलं काम करत राहतात. स्नायू हलला की तिथे विजेची अगदी बारीक लहर उठते. कंपनीची पट्टी गळ्याला चिकटवली की ती या लहरी टिपायची आणि दूरच्या सर्व्हरकडे पाठवायची. त्या सर्व्हरवर माणसाचा जुना आवाज जपून ठेवलेला असे, शस्त्रक्रियेच्या आधी चार-पाच तास बोलून घेतलेला. सर्व्हर त्या लहरींचे शब्द करायचा, शब्दांना त्याच माणसाचा आवाज द्यायचा आणि पट्टीतल्या बटणाएवढ्या स्पीकरकडे परत पाठवायचा. हा सगळा प्रवास सेकंदाच्या विसाव्या भागात होई. समोरच्याला वाटे, माणूसच बोलतोय. आणि खरं म्हणजे माणूसच बोलत असे.

पद्मजाचं काम यातल्या दारांचं. क्लाउडमधला सर्व्हर म्हणजे काही वेगळं लोखंडी खोकं नसतं. एका अवाढव्य यंत्राचा कोडनं वाटून दिलेला तुकडा असतो तो, भाड्याच्या खोलीसारखा. त्या खोलीचं दार म्हणजे नेटवर्क इंटरफेस. तोही कोडनंच बनतो. सहा ओळी लिहिल्या की दार तयार होतं, त्यावर पत्ता चढतो. एका ओळीत ते एका खोलीवरून उतरवता येतं, दुसऱ्या ओळीत दुसऱ्या खोलीला बसवता येतं, आणि पत्ता दाराबरोबर जातो. बाहेरून येणाऱ्याला आतली खोली बदलल्याचा पत्ता लागत नाही. आणि एका ओळीत ते दार कायमचं पुसूनही टाकता येतं.

प्रत्येक पट्टीला तिचं स्वतःचं दार होतं. त्या दाराचा पत्ता पट्टीत कारखान्यातच कोरलेला, कधीही न बदलणारा. कुणा चोरानं एखाद्याचा आवाज भलतीकडे वळवू नये म्हणून ही काळजी घेतलेली. हेतू चांगला होता. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की दार पुसलं गेलं की गळ्यावरची पट्टी म्हणजे नुसती चिकटपट्टी. जुन्या पट्टीची अशी एकशे त्र्याहत्तर माणसं अजून बोलत होती, बहुतेक सांगली, मिरज, जत, कवठे या बाजूची. शुक्रवारी त्यांची दारं पुसायची होती.

कारण कंपनी विकली जात होती. घेणाऱ्या बड्या कंपनीची स्वतःची नवी पट्टी होती आणि करारात एक कलम होतं: जुन्या पट्टीचा पसारा आधी शून्यावर आणा, मग सह्या.

“त्यांना नव्या पट्ट्या फुकट देणार आहेत,” निरंजन म्हणाला. “कुणी मुकं राहणार नाहीये, पद्मजा. तू उगाच तोंड पाडून बसू नकोस.”

अकरा वर्षं दोघं बरोबर काम करत होती, तो पुण्यात, ती मिरजेत. न दिसताही तिचं तोंड पडलेलं त्याला कळायचं.

*

त्याच दिवशी दुपारी ती नवी पट्टी घेऊन रावसाहेब थोरवतांच्या गावी गेली. मिरजेपासून अर्ध्या तासावर.

रावसाहेब कुस्तीचे निवेदक. जत्रेच्या मैदानात हलगी थांबली की यांचा आवाज सुरू. पस्तीस वर्षं त्यांनी माइकवरून पैलवान चढवले, पाडले, पुन्हा उभे केले. तोंडात कायम तंबाखूची गोळी. ती शेवटी घशाला भोवली. पट्टी लागल्यावर ते पुन्हा मैदानात उभे राहिले आणि लोकांनी टोप्या हवेत फेकल्या.

पद्मजाची आणि त्यांची ओळख एका चुकीतून झालेली, आणि चूक पद्मजाची. नको असलेली दारं साफ करायला तिनं एक प्रोग्राम लिहिला होता. ऑफिसात सगळे त्याला झाडू म्हणत. दर शनिवारी तो फिरायचा आणि ज्या दाराच्या ‘मालक’ या रकान्यात नाव नसेल ते बेवारस समजून पुसायचा. रिवाज असा, की दार ज्या इंजिनिअरनं बनवलं त्यानं तिथे आपलं नाव लिहायचं. पट्ट्यांची दारं बनवणारा इंजिनिअर नोकरी सोडून कॅनडाला गेला, त्याचं नाव आपोआप सगळीकडून उडालं आणि पुढच्याच शनिवारी झाडूनं पहिलं दार काढलं ते रावसाहेबांचं. ते तेव्हा बेडगच्या मैदानात होते. “पट काढला, पट काढला, आनि...” एवढं बोलून आवाज थांबला. अठरा हजार माणसं वाट बघत राहिली. लोकांनी माइकवाल्याला शिव्या घातल्या. रावसाहेबांचे ओठ हलत होते, हे पुढच्या दोन-तीन रांगांनाच दिसलं.

झाडू तिथेच थांबवला, आणि पत्ता दुसऱ्या कुणाला गेला नव्हता म्हणून अकरा तासांनी तो परत मिळाला. दुसऱ्या दिवशी पद्मजा माफी मागायला गेली. रावसाहेबांनी चहा पाजला आणि एवढंच म्हणाले, “चुकलीस ते चुकलीस. पन काडायच्या आदी इचारावं मानसानं.”

तिनं परत येऊन झाडूचे नियम बदलले. दार पुसण्याआधी मालकाला फोन करून विचारायचं आणि त्यानं तोंडानं उत्तर द्यायचं. बटण नाही, कारण बटण माणूस न वाचता दाबतो. पंधरा मिनिटांत उत्तर आलं नाही तर निर्णय वरिष्ठाचा. मालकाचं नाव बदलायचं तर ते फक्त मालकालाच बदलता येईल. मालकानं नोकरी सोडली तर दार वरिष्ठाच्या नावावर जाईल, बेवारस होणार नाही. निरंजननं सही केली. कंपनीनं हे नियम रुग्णालयांच्या करारात मोठ्या अभिमानानं छापले. आणि पद्मजानं सगळ्या एकशे त्र्याहत्तर दारांवर स्वतःचं नाव लिहिलं. आपण फार भलं काम केलं असं तिला तेव्हा वाटलं होतं.

आता ती सोप्यात बसली होती आणि रावसाहेब नवी पट्टी लावून आरशात बघत होते. त्यांच्या बायकोनं, आक्काताईंनी, स्वयंपाकघरातूनच डोकावून म्हटलं, “बोला की. दिसायला बरी हाय.”

रावसाहेबांनी तोंड उघडलं. आवाज आला, त्यांचाच होता, पण धुऊन इस्त्री केल्यासारखा. “अगं, कृपया मला थोडं पाणी देतेस का?”

आक्काताई हातात पळी तशीच धरून बाहेर आल्या. “काय म्हनलासा?”

रावसाहेबांनी पुन्हा तोंड हलवलं, या वेळी जोरात. मानेच्या शिरा फुगल्या. पट्टी म्हणाली, “मला तहान लागली आहे. धन्यवाद.”

“चाळीस वर्सांत ह्यांनी मला धन्यवाद म्हनलं न्हाई,” आक्काताई पद्मजाला म्हणाल्या. “ह्यो कोन पावना बसलाय घरात?”

नवी पट्टी बोलणं ‘सुधारायची’. शिवी गाळायची, गावाकडचं प्रमाण करायची, वाक्य पुरं करायची. कंपनीच्या माहितीपत्रकात याचं कौतुक पहिल्याच ओळीत होतं. रावसाहेबांनी शेवटचा प्रयत्न केला. उभे राहिले, हात वर केला, मैदानात उभे असल्यासारखा श्वास घेतला आणि एका दमात काहीतरी बोलले. पट्टीनं क्षणभर विचार करून सांगितलं, “पैलवानाने प्रतिस्पर्ध्याचा पराभव केला आहे.”

आक्काताई आधी हसल्या. मग पदर तोंडाला लावून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

रावसाहेबांनी पट्टी उपटून काढली आणि जुनी लावली. “ह्याला मी बोलनं म्हनत न्हाई,” ते म्हणाले. “मला माजं बोलनं पायजे. कायदा हाय म्हनं, आवाज ज्येचा त्येचा?”

कायदा होता. साठवलेला आवाज त्या माणसाच्या मालकीचा, मागितला की सात दिवसांत त्याची प्रत द्यायची. लहरींचे शब्द करणारा जुना प्रोग्रामही एका सरकारी विद्यापीठात बनलेला, सगळ्यांना खुला. पद्मजानं हे सगळं सांगितलं आणि पुढचंही सांगितलं, की आवाज हातात आला तरी उपयोग नाही. पट्टीला फक्त तो एक पत्ता ठाऊक आहे, आणि पत्ता दारावर आहे.

“मंजी घर माजं आनि दार तुमचं.”

“तसंच काहीसं, तात्या.”

“दार कुनाच्या नावावर हाय?”

“माझ्या.”

“का?”

पद्मजा मनातल्या मनात कारणं शोधू लागली. रिवाज म्हणून. आधीच्यानं स्वतःचं लिहिलं होतं म्हणून. रकान्यात कर्मचाऱ्याचंच नाव हवं असं कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं. कोड फक्त एवढंच बघायचं, की माणूस खरा आहे का आणि त्याचा फोन लागतो का. अकरा वर्षांत एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं, की ज्या दारातून माणूस रोज ये-जा करतो त्यावर त्याचं नाव लिहावं. आम्ही बिजागरी बसवणाऱ्याचं नाव लिहीत बसलो. ही चूक करायला इंजिनिअरच व्हावं लागतं, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

“तात्या,” ती म्हणाली, “तुमचा फोन आणि ओळखपत्र द्या.”

*

रात्री जेवताना तिनं नवऱ्याला, विनयला, सांगितलं. तो शाळेत गणित शिकवायचा. “नोकरी जाईल,” ती म्हणाली.

“जाऊ दे. फक्त घरी बसून माझ्या आमटीला नावं ठेवायची नाहीत.”

मंगळवारी सकाळी दहा वाजता पद्मजानं एकशे त्र्याहत्तर दारांची मालकी बदलली. कुठे चोरटेपणा केला नाही. सोमवारी संध्याकाळपासून आणि मंगळवारी पहाटेपासून प्रत्येकाला फोन करून होकार घेतला होता, तशी नोंद ठेवली आणि दहा वाजून पाच मिनिटांनी निरंजनला पूर्ण यादी पाठवून दिली. खाली लिहिलं, ‘मालकाच्या जागी मालकांची नावं लिहिली आहेत.’ हे नोकरीवर असतानाच करायला हवं होतं, कारण तिला काढलं असतं तर नियमानं सगळी दारं निरंजनच्या नावावर गेली असती.

त्याचा फोन दहा वाजून सात मिनिटांनी आला.

“परत फिरव.”

“मला नाही फिरवता येत. मालकालाच बदलता येतं. तू सही केलेला नियम आहे.”

“मग नियम बदलतो.”

“त्याला दोन सह्या लागतात. तुझी आणि माझी. माझी मिळणार नाही.”

त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला. “चाळीस लोकांच्या नोकऱ्या या व्यवहारावर आहेत. सह्या झाल्या नाहीत तर दिवाळीपर्यंत आपण दुकान बंद करतोय. हे तुला माहिती आहे?”

“माहिती आहे. त्या चाळिसात मीही आहे.”

“पद्मजा, ती म्हातारी माणसं आहेत. झाडूचा फोन आला की घाबरतील, ‘हो’ म्हणून मोकळी होतील. आणि शुक्रवारी बाराला सर्व्हर बंद होणार, तो हुकूम वरून आलाय, तो मी थांबवू शकत नाही. सर्व्हर बंद म्हणजे त्यांचा आवाज बंद. फोनवर तोंडी उत्तर देणार कशी? पंधरा मिनिटं गेली की निर्णय माझ्याकडे येतो. मग मला ‘हो’ म्हणावं लागेल. मला ते करायला लावू नकोस.”

“मी कुठे लावतेय? तू ‘नाही’ म्हण की.”

निरंजननं फोन ठेवला. त्यानं तिची चावी, म्हणजे सर्व्हरवर काम करायची परवानगी, मात्र काढून घेतली नाही, कारण शुक्रवारी सर्व्हर बंद करणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

पण त्याचं म्हणणं खरं होतं आणि ते तिला आधी सुचायला हवं होतं. ‘नाही’ म्हणायला आवाज लागतो, आवाजाला दार लागतं आणि दाराला खोली. आणि खोल्या तर बाराच्या ठोक्याला जाणार. खोली चालू असेपर्यंत तिचं दार सुटणार नाही, म्हणजे दुसऱ्या खोल्या आधी उभ्या करायला हव्यात आणि बारा ते सव्वाबारा या पाव तासात सगळी दारं तिकडे बसवायला हवीत.

खोल्यांचं काम रावसाहेबांनी अंगावर घेतलं. निवेदकाला गर्दी जमवायची सवय असते. त्यांनी दोन दिवस फोन केले, एकशे बाहत्तर. मिरजेतले एक सतारीचे कारागीर, जतच्या निवृत्त मुख्याध्यापिका, कवठ्याचे एक कंडक्टर. सगळ्यांना एकच सांगितलं, की शुक्रवारी बाराला आपला आवाज जाईल, घाबरू नका, फोन कानाला लावून बसा, आवाज परत येईल आणि आला की जे म्हणायचं ते म्हणा. हो म्हणायचं तर हो म्हणा. पण तोंडानं म्हणा. बुधवारी सगळ्यांच्या नातेवाइकांनी मिळून एक मंडळ केलं आणि त्याच क्लाउडमध्ये बारा छोटे सर्व्हर भाड्यानं घेतले. एका सर्व्हरला पंधरा दारं बसतात. कायद्यानं मिळालेले आवाज आणि विद्यापीठाचा तो खुला प्रोग्राम गुरुवारी त्यांवर चढले. उरलेलं काम कोडचं होतं आणि ते कोड पद्मजानं चार वेळा लिहून चार वेळा पुसलं आणि पाचव्यांदा ठेवलं.

*

शुक्रवारी पावणेबाराला रावसाहेब आणि आक्काताई पद्मजाच्या ऑफिसात आले. खाली सतारींची दुकानं, खिडकीतून तारा जुळवल्याचा आवाज येत होता. रावसाहेबांनी फेटा बांधला होता.

“मैदानाला चाललाय व्हय?” आक्काताई म्हणाल्या.

“मग काय हळदीकुंकवाला?”

बरोबर बाराला पद्मजानं सर्व्हर बंद केले. तो तिला आलेला हुकूम होता आणि तो तिनं पाळला. रावसाहेबांच्या गळ्यावरचा हिरवा ठिपका विझला. त्यांनी काहीतरी म्हटलं आणि काहीच ऐकू आलं नाही. तिला एकदम जाणवलं, की या मिनिटाला एकशे त्र्याहत्तर घरांत असंच झालं आहे, आणि हे आपल्या बोटानं झालं आहे.

तिनं कोड सुरू केलं. दार जुन्या खोलीवरून सुटलं का बघ. सुटलं असेल तर नव्या खोलीला बसव. पत्त्यावर हाक मारून बघ. ओ आली की पुढचं. पडद्यावर ओळी पळू लागल्या. दहा दारं बसली. पंचवीस. साठ. तेवढ्यात झाडूही जागा झाला, त्यानं फोन लावायला घेतले आणि उत्तरं स्पीकरवर येऊ लागली.

“न्हाई.”

“माझी संमती नाही. पुन्हा सांगते, नाही.” या मुख्याध्यापिका असणार.

“नै देताव. क्या समझ के रख्या?” सतारीचे कारागीर.

“नको काढूस बाबा.”

“न्हाई न्हाई न्हाई.” झाडूनं नम्रपणे सांगितलं, की एकदाच म्हटलं तरी चालेल.

कंडक्टरांनी ‘हो’ म्हटलं. त्यांना नवी पट्टी आवडली होती, तिच्यामुळे सुनेशी भांडणं होत नाहीत म्हणाले. पद्मजानं त्यांचं दार त्यांच्या शब्दाप्रमाणे जाऊ दिलं. ते त्यांचं दार होतं.

बारा वाजून नऊ मिनिटांनी एकशे एकाहत्तर दारं बसली होती. एक राहिलं. त्यापुढे एकच शब्द अडकून बसलेला, ‘सुटत आहे’. अर्धं सुटलेलं आणि अर्धं अडकलेलं, ना इकडे ना तिकडे. क्लाउडमध्ये असं कधीमधी होतं. थांबलं तर तासाभरात आपसूक सुटतं. तास कुणाकडे होता?

ते रावसाहेबांचं होतं.

त्यांचा फोन मघापासून वाजत होता. आक्काताईंनी तो उचलला. “काढू का?” झाडूनं विचारलं. “थांब रे बाबा,” त्या म्हणाल्या, “येतोय त्येंचा आवाज. पानी पी जरा.” झाडू म्हणाला, की तो मालकाच्या उत्तराची वाट पाहत आहे.

बारा वाजून अकरा. पद्मजा रावसाहेबांकडे वळली. “तात्या, एक उपाय आहे. जबरदस्तीनं ओढून काढायचं. त्यात कधी कधी दारच मोडतं. मोडलं तर पत्ता जाईल आणि परत मिळायचा नाही. नाही ओढलं तर निर्णय निरंजनकडे जाईल. तो कदाचित तुमच्या बाजूनं देईलही.”

रावसाहेबांनी ऐकून घेतलं. कागद मागितला नाही, पेन मागितलं नाही. खुर्ची मागे सरकवून उभे राहिले, धोतराचा सोगा खोचला आणि मांडीवर असा शड्डू ठोकला, की खालच्या दुकानातली सतार थांबली.

“ओढ म्हनतायत,” आक्काताई म्हणाल्या.

पद्मजानं ओळ लिहिली. जबरदस्तीचा तो शब्द तिनं अकरा वर्षांत दोनदाच वापरला होता. पडद्यावरची ओळ नाहीशी झाली. दोन सेकंद काहीच नव्हतं. मग ‘मोकळं’ असं आलं आणि कोडनं ते दार झडप घालून बाराव्या सर्व्हरला बसवलं. तिनं पत्त्यावर हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली. बारा वाजून चौदा मिनिटांनी गळ्यावरचा ठिपका हिरवा झाला.

आक्काताईंनी फोन त्यांच्या तोंडापुढे धरला. वीसवीस हजार माणसांसमोर न थांबता बोलणारा तो माणूस एकच शब्द बोलला.

“न्हाई.”

झाडूनं नोंद केली आणि आभार मानले. पद्मजानं खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. तिला रडू येत होतं आणि ते तिनं येऊ दिलं. आक्काताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, “बोला की आता, का संपलं?” त्यावर रावसाहेबांनी जे उत्तर दिलं ते नवी पट्टी मेली तरी बोलली नसती.

सव्वाबाराला हिशोब पडद्यावर आला. एकशे एकाहत्तर ‘नाही’. एक ‘हो’. एका बाईंचा फोन लागला नव्हता, त्या दवाखान्यात भरती होत्या, तो निर्णय पुण्याला गेला होता. बारा वाजून अठरा मिनिटांनी त्या रकान्यातही उत्तर उमटलं. ‘नाही’. पुढे नाव, निरंजन दाबके.

त्याबद्दल तिनं त्याला कधी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

पाऊण वाजता त्याचा फोन आला. मागे बरीच माणसं एकाच वेळी इंग्रजीत बोलत होती. “तुझी चावी काढून घेतोय,” तो म्हणाला. “पत्र संध्याकाळी येईल.”

“बरं.”

“माझंही काही खरं दिसत नाही. ते लोक इथे बसलेत. वकील आणलेत दोन. म्हणतात, जुना पसारा शून्य झाल्याशिवाय सह्या नाहीत, आणि आता शून्य करायचं तर मालकांना विचारावं लागणार. कंपनीच्या हातात काही उरलेलं नाही. ते विचारतायत, बोलायचं कुणाशी?”

“मला कशाला विचारतोस? माझं नाव आता एकाही दारावर नाही,” पद्मजा म्हणाली आणि फोन रावसाहेबांच्या हातात दिला.

रावसाहेबांनी फोन कानाला लावला, फेटा मागे सारला आणि खुर्चीत ऐसपैस बसले.

“कोन, दाबकेसायेब? रामराम. त्या घेनाऱ्या मंडळीस्नी सांगा, मिरजंला या. वकील आना, कागद आना, लागंल तेवडा येळ घ्या. आमी पावनेदोनशे जन हाय. कुनी म्हनंल घाबरत्यात, कुनी म्हनंल म्हातारी हायत. तसं काय न्हाई म्हनावं. बसा म्हनावं आमच्याम्होरं, आनि इचारा काय इचारायचं ते. आमाला बोलता येतंय.”